गोरखदादाच्या वावरातली पालं

आणे घाट चढून मेंढरं पठारावर आली आणि आजा मधेच थांबला. आजा थांबला म्हणून घोडी थांबली, घोडी थांबली म्हणून आजी थांबली, आणि मी गाणं म्हणत वर बघत चालले होते ती थेट आजीच्या पाठीवर आदळले.

"कोन बसलंय आपल्या वावरात?" आजा म्हणाला.

समोर लिंबाच्या झाडापर्यंत गोरखदादाचं वावर पसरलेलं. ज्वारी निघाली की ते दरवर्षी रिकामं असतं. आज त्यात पालंच पालं होती! निळी, भगवी, पोपटी. वारा आला की सगळी एकदम फुगायची आणि एकदम बसायची.

"आयो! केवढा मोठा वाडा हाय हा," आजी म्हणाली.

वाडा म्हणजे आम्हा मेंढपाळांचा वाडा, भिंती नसलेला. पालं, घोडी, कुत्री, मेंढरं आणि माणसं मिळून जे चालत असतं त्याला आम्ही वाडा म्हणतो. आमचा वाडा दिवाळीनंतर माळशेज उतरून कोकणात जातो आणि उन्हाळ्यात परत येतो. मी शाळेसाठी पप्पांबरोबर आळेफाट्याला राहते. नववीची परीक्षा संपली तशी मी एसटीने डिंगोऱ्याला जाऊन वाड्याला मिळाले होते. परत आल्यावर पेरणीपर्यंत आमची मेंढरं गोरखदादाच्या वावरात बसतात. रात्रभर बसली की वावराला खत मिळतं. बदल्यात आम्हाला धान्य, आणि मेंढरांना त्याच्या विहिरीचं पाणी. गोरखदादाच्या वडिलांनी आजाला तसा शब्द दिलेला. आता पठारावर बाकी सगळे पोत्यातलं खत टाकतात, त्यामुळे मेंढरं बसवायला दुसरं कोणी बोलवतच नाही.

आणि यंदा तर पप्पांनी सांगूनच ठेवलं होतं. पप्पा नारायणगावच्या मार्केटला टोमॅटोचा टेम्पो चालवतात. ते म्हणाले होते, "अण्णा, गोरखने जागा दिली तर ठीक. नाही दिली तर मी टेम्पो घेऊन येणार आणि मेंढरं बेल्ह्याच्या बाजारात नेऊन विकायला उभी करणार. तुमच्यानं आता होत नाही." आजा तेव्हा काही बोलला नव्हता. आजा चिडला की बोलतो. घाबरला की गप्प बसतो.

आता तो बांधावर उकिडवा बसून पालांकडे बघत होता.

"कुत्रं भुंकंना," तो म्हणाला. "चूल न्हाई, धूर न्हाई. आन् मेंढरं कुठं हायेत?"

"चरायला गेली असतील," मी म्हणाले.

"भर दुपारी?" आजाने डोळे बारीक केले. "लपवल्यात."

"एवढी मेंढरं कोण लपवतं, आजा?"

"तुला न्हाई म्हाईत. लोक लई बेरकी झालेत. आपल्या जाग्यावर दुसरा वाडा आनून बसवला गोरखनं."

दुसऱ्याचा वाडा बसलेला असताना आपली मेंढरं घेऊन त्यात शिरायचं नसतं. एडके झुंजतात, कळप मिसळतात, मग भांडणं होतात. आधी एका माणसाने जाऊन विचारायचं असतं.

"मी जाते!" मी म्हणाले.

आठवीपर्यंत मी असं म्हणाले नसते. तेव्हा बाईंनी प्रश्न विचारला की मी बाकाखाली पडलेलं पेन शोधायचे, न पडलेलं. पण यंदा परिपाठाला बातम्या वाचणाऱ्या मुलीचा घसा बसला आणि बाईंनी मला उभं केलं. मी वाचल्या. सगळ्या शाळेसमोर! कोणी हसलं नाही, मला चक्करही आली नाही. तेव्हापासून मी कंडक्टरशी भांडते, बँकेत फॉर्म मागते, कोणालाही कुठलाही पत्ता विचारते. कधीकधी पत्ता माहीत असला तरी विचारते.

पालांच्या तोंडाशी बांबूची कमान होती आणि काळा टीशर्ट घातलेला एक धिप्पाड माणूस. त्याने माझ्या चपला पाहिल्या, हातातली काठी पाहिली.

"पास?"

"आमचं वावर आहे," मी म्हणाले. ते काही अगदी खरं नव्हतं, पण काही अगदी खोटंही नव्हतं.

तो आणखी काही बोलणार तेवढ्यात गळ्यात शिट्टी अडकवलेली एक ताई धावत आली. नाव वृषाली. अवसरी खुर्दच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकते, सुट्टीत इथं काम करते, असं तिने चालता चालता सांगून टाकलं. फार गोड बोलत होती. न विचारता एवढं सांगणाऱ्या माणसाचा मला आधी संशयच येतो.

"मेंढरं कुठं ठेवलीत?" मी विचारलं.

"कसली मेंढरं?"

"तुमच्या वाड्याची."

ती आधी थांबली आणि मग एवढी हसली की शिट्टी आपोआप वाजली. "अगं, हा रॉक म्युझिकचा फेस्टिव्हल आहे. गिटार, ड्रम. तीन दिवस गाणी. लोक पुण्या-मुंबईहून येतात आणि इथं तंबूत राहतात."

"घरं नाहीत त्यांना?"

"आहेत की! मोठमोठी आहेत."

"मग?"

"मोकळ्या हवेत झोपायला मजा येते."

मी इकडेतिकडे पाहिलं. मोकळ्या हवेसाठी आलेली माणसं पालांना चेन लावून आत घामाघूम होऊन पडली होती. एक मुलगी खुंटीला चपलेने बडवत होती आणि खुंटी तिच्याकडे बघत आडवी होत होती. दोघं जण मोबाईल डोक्यावर धरून रेंज शोधत हिंडत होते. मजा येत असलेली माणसं अशी दिसत नाहीत. खोटं बोलायचं तर ताईने जरा बरं तरी काही शोधायचं, असं मला वाटलं.

त्यात जमिनीवर चुन्याच्या फक्कीच्या रेघा. सरळ, दोरी लावून मारलेल्या. मोजणीवाले मारतात तशा.

एका पालासमोर लांब केसांचा मुलगा बसला होता, उन्हाने कान लाल झालेला. मी जवळून गेले तशी त्याने आपली बॅग पायाने हळूच आत ओढली. मी त्याच्यावर संशय घेत होते तोवर ठीक होतं. त्याने माझ्यावर घेतल्यावर मला भयंकर राग आला.

तिथून मी गोरखदादाच्या घरी गेले. त्याची बायको बयाबाई अंगणात शेंगा फोडत होती.

"ते फाट्याला गेलेत. औषध आनायला."

"कधी येतील?"

"काय ठावं."

दादाची मोटारसायकल लिंबाखाली उभी होती. चपला उंबऱ्याशी.

"चपला न घालता गेले?"

"नव्या घेतल्यात," बयाबाई शेंगांकडे बघत म्हणाली. मेंढरांना विहिरीवर पाणी पाजायला तिने नाही म्हटलं नाही. पण दरवर्षीसारखं 'बस गं, चहा टाकते' असं पण नाही म्हटलं.

मी परत येऊन सगळं सांगितलं. आजाने एकच विचारलं, "लेंडी दिसली का?"

"एक नाही."

"मंग मेंढरं न्हाईतच." त्याने काठीने मातीत एक रेघ ओढली. "आन् फक्कीच्या रेघा हायेत म्हनतीस?"

"आहेत. सरळ."

"मंग इकलं. वावर इकलं त्यानं. मोजनी झाली. ही गानी-बिनी नुसती लोकांचं ध्यान हिकडं तिकडं करायला."

"अवं, पन गानी ऐकायला पालं कशाला लागत्यात?" आजी म्हणाली. तिला तेवढंच कोडं पडलं होतं.

आम्ही त्या दिवशी शेजारच्या खडकाळ माळावर उतरलो. संध्याकाळी गाणी सुरू झाली तशी सगळ्या मेंढरांनी एकाच वेळी मान वर केली. आमचं कुत्रं घोडीच्या पोटाखाली जाऊन बसलं.

"हे गानं न्हाई," आजा म्हणाला. "कायतरी झाकायला आवाज करत्यात."

माझा पाय मात्र आपोआप हलायला लागला होता. मी तो दुसऱ्या पायाखाली दाबून धरला.

सकाळी मी परत कॅम्पमध्ये गेले. वृषालीताईने माझ्या मनगटाला कागदाचा पट्टा बांधला, म्हणजे आता काळा टीशर्टवाला अडवणार नव्हता. पाण्याच्या नळांच्या बाजूला एक भगवं पाल होतं. त्याच्याजवळून जाताना आतून आवाज आला. तंबाखू मळून तळहातावर थाप मारतात ना, तो. फट्, फट्. पुण्या-मुंबईची माणसं काहीही करत असतील, पण अशी थाप मारत नाहीत.

मी तिथंच बसले. "गोरखदादा."

आतली थाप थांबली.

"गोरखदादा, तुमचे पाय बाहेर आलेत."

पाय आत गेले. मग चेन वीतभर उघडली आणि दादाचं अर्धं तोंड दिसलं. घामाने निथळत होतं.

"लई गरम होत असेल," मी म्हणाले.

"लई. तुजा आजा कुठंय?"

"बांधावर. वावर विकलं का तुम्ही?"

"कोन म्हनलं?"

"आजा."

"देवाशप्पथ न्हाई! तीन दिसाला दिलंय. मला वाटलं तुमी दरसालासारखं अमुशा झाल्यावर येताल. तवर हे उठून जातील. तुमी आदीच आला!"

"मग लपायचं कशाला?"

दादा चेनशी चाळा करत राहिला. "माज्या बापानं शब्द दिलाय त्याला. कुठल्या तोंडानं सांगू, वावरात दुसरी मानसं हायेत म्हनून?"

हे पटण्यासारखं होतं. पण दादा माझ्याकडे बघत नव्हता. परिपाठात मी शिकले आहे, बातमी संपली की माणूस वर बघतो. दादाची बातमी संपली नव्हती.

"आणखी काय आहे?"

"तू लई चौकस झालीस गं." त्याने तंबाखू टाकून दिली. "ह्यांचा जो मालक हाय, तो पुढच्या सालापासून म्हैनाभर वावर मागतोय. मेंढरं नको म्हनतो. वास येतो म्हनं."

"तुम्ही काय म्हणालात?"

"बघू म्हनलं."

'बघू' म्हणजे काय ते मला नीट माहीत आहे. माझ्या सायकलला पप्पा सातवीपासून बघू म्हणत आहेत.

मी दादाला तसंच आजासमोर नेलं. मालकाचं बोलणं मी आजाला आधीच सांगून टाकलं, दादाच्या तोंडून बाहेर पडायला संध्याकाळ झाली असती. आजाने सगळं ऐकलं. मग म्हणाला, "असं व्हय. यंदा मानसं बसवली वावरात. बरंय की. खत पडंलच."

आजीने पदर तोंडाला लावला. दादाचं तोंड आणखी उतरलं.

"परवा रान मोकळं व्हतंय, बाबा. मंग तुमीच बसा."

"बघू," आजा म्हणाला.

पुढच्या दोन्ही संध्याकाळी गाणी चालू राहिली. तिसऱ्या सकाळी पालं उतरायला लागली आणि त्याच वेळी फाट्याहून निरोप आला. गोरखने वावर दुसऱ्यांना दिल्याचं पप्पांच्या कानावर गेलं होतं. संध्याकाळी ते टेम्पो घेऊन येणार होते.

"येऊ दे त्याला," आजी म्हणाली. "तवर मेंढरं वावरात बसलेली दिसतील. मंग काय बोलंल?"

आजा पाहायला वावरात उतरला. मी मागोमाग. पालं गेली होती, पण खाली वेफर्सच्या पिशव्या, पातळ कॅरीबॅगा, बाटल्यांची बुडं, नायलॉनच्या दोऱ्या, सगळं ज्वारीच्या धसकटांत अडकून फडफडत होतं. आजाने एक पिशवी उचलली, बोट आतून फिरवलं आणि जिभेला लावलं.

"मीठ," तो म्हणाला.

मला लगेच कळलं. मेंढरू मिठासाठी काहीही चघळतं. येताना ओतूरजवळ आमची एक मेंढी पोट फुगून मेली होती. तिच्या पोटातून पिशव्यांचा पिळा निघाला होता, ओल्या दोरखंडासारखा.

आजा वावरातून बाहेर आला. "ह्यात मेंढरं घालायची न्हाईत."

"बाबा, मी पेटवून देतो समदं," दादा म्हणाला.

"पेटवल्यावर जळून ढेकळात बसंल. ते खातील." आजाने दादाकडे पाहिलं. "गोरख, हे तू मुद्दाम ऱ्हाऊ दिलं का? चार मेंढरं मेली म्हंजी म्हातारा सोताहून यायचा बंद व्हईल. तुला बोलायला नको."

दादा बांधावर खाली बसला. आणि खरं सांगते, तेवढा एक क्षण मलाही वाटलं, असेल का? भगव्या पालात लपून बसणारा माणूस काहीही करू शकतो.

पण विचार करत बसायला वेळ नव्हता. रस्त्यावर बसगाड्या उभ्या होत्या, लोक सामान चढवत होते. मी पळाले. ट्रकमध्ये चढवायला ठेवलेलं एक मोठं स्पीकरचं खोकं होतं, त्यावर चढले.

"थांबा! कोणी जायचं नाही!"

लोकांनी वळून पाहिलं. काहींनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं अजून एक गाणं आहे.

लांब केसांच्या त्या मुलाने विचारलं, "पैसे पाहिजेत का?"

"पैसे ठेवा तुमच्याकडं! तुमचा कचरा उचला! तुम्ही झोपलात तिथं आज आमची मेंढरं झोपणार आहेत. तुमच्या खारट पिशव्या ती खातात आणि मरतात!" सगळ्यांना कळलं नसेल म्हणून मी टीव्हीवरची हिंदी काढली. "आप लोग सोया, मजा किया! अब हमारा मेंढी सोयेगा! प्लास्टिक खायेगा तो मर जायेगा!"

आधी हशा पिकला. मग 'मर जायेगा' ऐकून तो हळूहळू थांबला. "उशीर होतोय," कोणीतरी मागून ओरडलं. तेव्हा वृषालीताईने शिट्टी वाजवली, कानाचे पडदे फाटतील अशी, आणि ड्रायव्हर लोकांना म्हणाली, "काका, बंद करा गाड्या."

सगळे आले नाहीत. काही जण बसमध्ये बसून राहिले आणि त्यांनी पडदे ओढून घेतले. पण बरेच आले. मी त्यांना कांदे काढताना लावतात तशी रांग धरायला लावली, एकाला एक खेटून, मान खाली. लांब केसांचा मुलगा माझ्याच पुढे आला. मी त्याच्या मागून चालले, काही सोडतो का ते बघायला. थोड्या वेळाने तो वळला आणि त्याने पँटचे दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. मी हसले नाही. फार कष्टाने.

नळाच्या बाजूला चिखलात पिशव्या रुतून वाळल्या होत्या. तिथं गोरखदादा एकटाच विळा घेऊन बसला होता. पिशवी दिसली की तिच्याभोवती उकरायचा, फाटू न देता काढायचा. आजा बांधावरून बाकी कोणाकडे बघत नव्हता, फक्त त्याच्याकडे.

बसगाड्या गेल्या. दादा तिथंच होता. मग आजा उठला आणि त्याच्या मागून तीच जागा काठीने पुन्हा उकरून पाहू लागला. दादा सरकला आणि पुढचं उकरायला लागला.

पप्पांचा टेम्पो आला तेव्हा ऊन उतरलं होतं. पप्पा खाली उतरले, कचऱ्याने भरलेली पोती पाहिली, रिकामं वावर पाहिलं, माळावरची मेंढरं पाहिली.

"अण्णा, चढवायची का?"

आजा गप्प.

मला तो गप्पपणा सहन होईना. "गोरखदादा," मी म्हणाले, "पप्पांसमोर सांगा. पुढच्या वर्षी काय?"

"अगं, बघ..."

"बघू नाही!"

"सांग की रं," आजी म्हणाली, "पोर इचारतीय."

दादाने विळ्याची माती पँटला पुसली. घराकडे पाहिलं. अंगणात बयाबाई उभी होती, ती या वेळी नजर चुकवून आत गेली नाही. "मेंढरं उठल्याबिगर गानी न्हाईत," दादा म्हणाला. "मालकाला तसं सांगतो. त्याला न्हाई जमलं तर त्यानं दुसरं रान बघावं."

"आज म्हणतोस," पप्पा म्हणाले.

"आज म्हंतोय, उद्या बी म्हनीन."

पप्पांच्या तोंडावरून त्यांना ते पटलेलं वाटत नव्हतं. आजाच्याही नाही. पण आजा घोडीपाशी गेला आणि त्याने वाघर खाली काढली. वाघर म्हणजे मेंढरांभोवती लावायची दोरीची जाळी. आमच्यात तिचं पहिलं टोक वावराच्या मालकाने धरायचं असतं. त्याने धरलं म्हणजे त्याने मेंढरांना बसा म्हटलं. तोंडाने बोललेलं त्यात धरत नाहीत.

आजाने टोक पुढे केलं. गोरखदादाने दोन्ही हातांनी घेतलं. आजा जाळी सोडत मागे मागे चालत गेला, पाठीमागे न बघता.

"ताणून धर."

"धरलंय की."

"ढिलं पडतंय."

"न्हाई पडत, बाबा."

पप्पांनी थोडा वेळ ते पाहिलं. मग किल्ल्या खिशात टाकल्या आणि खुंट्या ठोकायला धोंडा शोधू लागले. मी आणि आजीने मेंढरं वळवली. ती आपली जागा ओळखत होती, हाकावं लागलं नाही. शेवटचं कोकरू आत जाईपर्यंत आजाने गोरखदादाच्या हातावरची नजर काढली नाही.